मुलूख कुठला, उस्ता?

सामान फार घेऊ नका. पायात दणकट चपला, कमरेला छोटी थैली आणि पोट शक्यतो रिकामं, एवढं पुरे. आज आणि उद्या मिळून तुम्हाला इस्तंबूलमध्ये पावणेपाचशे वर्षं चालायची आहेत. अंतर म्हणाल तर फारसं नाही.

निघण्याआधी तीन गोष्टी. काटा मागू नका. पहिली काही शतकं लाकडी चमचा आणि उजवा हात यांवरच भागवायचं आहे, आणि त्यात तुमची अडचण होऊ नये. कमरेत बारीक असलेल्या इवल्या ग्लासातला तो लालभडक चहा मागू नका. काळ्या समुद्राकाठच्या रिझेमध्ये चहाचे मळे विसाव्या शतकात उभे राहिले. टोमॅटो आणि मिरचीचंही नाव काढू नका, निदान दुपारपर्यंत. आणि जिथे जाल तिथे, चुलीपुढे उभ्या असलेल्या माणसाला ‘उस्ता’ म्हणा आणि एकच प्रश्न विचारा : मुलूख कुठला? तुर्कस्तानात हा प्रश्न आगाऊपणाचा समजत नाहीत. उलट गप्पा तिथूनच सुरू होतात.

सकाळ : 1555

तहताकलेचा उतार. खाली हालिचच्या खाडीत शिडांची दाटी, वर लाकडी घरांच्या पुढे आलेल्या माड्या. निळ्या फरशांची रुस्तम पाशाची मशीद शोधत बसू नका. मिमार सिनानने ती अजून बांधलेली नाही. नाकाच्या भरवशावर चाला. धान्य करपावं तसा, पण त्याहून खमंग वास येतोय ना? शहराला तो अजून नवा आहे.

आत भिंतीलगत बाकं, त्यांवर चटया. कोपऱ्यात बुद्धिबळ रंगलंय, एक जण कागद पुढे धरून स्वतःची कविता ऐकवतोय, दोन मुदर्रिस, म्हणजे मदरशातले शिक्षक, ती ऐकल्यासारखं करतायत. तुमच्या हातात कान नसलेला पेला येतो. अंगठा आणि तर्जनी यांत काठाशी धरा, नाहीतर चटका बसेल. साखर नाही. लगेच पिऊ नका, गाळ खाली बसू द्या. पहिला घोट कडू लागेल, दुसराही. तिसऱ्याला तुम्ही बुद्धिबळाच्या पटाकडे सरकाल, कारण इथे येण्याचं खरं कारण पेल्यात नसून शेजाऱ्याच्या तोंडात आहे. घरात जागा नसलेल्या, मशिदीत गप्पा मारता न येणाऱ्या माणसांना शहरात पहिल्यांदा बसायला जागा मिळाली आहे.

विचारा : मुलूख कुठला? एक हकेम, हलबचा, म्हणजे अलेप्पोचा. दुसरा शेम्स, दमास्कसचा. शहरातलं कॉफीपान या दोघांनी सुरू केलं, असं इतिहासकार पेचेवी पुढच्या शतकात लिहून ठेवणार आहे. बी येमेनचं, माल आला इजिप्तवरून, मालक सीरियाचे. इस्तंबूलची फक्त गिऱ्हाइकं. पेचेवी आणखी एक गोष्ट सांगतो : तीन वर्षांत शेम्स पाच हजार सोन्याची नाणी कमावून मायदेशी परतला. हा आकडा ध्यानात असू द्या, उद्या सकाळी लागेल.

तुम्ही बाई असाल तर इथवर आत शिरलात कशा, हाच प्रश्न आहे. कॉफीखान्यात बायकांना जागा नाही. अयुपच्या दर्ग्याजवळ सायीच्या दुकानांत बसून मध घातलेली दाट साय खायची त्यांची एक पद्धत होती, तर 1573 मध्ये फर्मान निघालं की बायकांनी त्या दुकानांत जाऊ नये. फर्मान काढावं लागलं, यावरूनच त्या किती जात असतील ते समजा.

निघा. 1633 मध्ये चौथा मुराद हे सगळे कॉफीखाने बंद पाडणार आहे. जिथे माणसं बसून बोलतात तिथे राजाची झोप उडते.

दिवस वर : 1669

आता खाडीकाठानं उनकापानीला या. ‘कापान’ म्हणजे सरकारी काटा. पिठाचा वेगळा, मधाचा वेगळा, तेला-तुपाचा वेगळा. डॅन्यूबच्या मुखाकडून आणि काळ्या समुद्राच्या किनाऱ्यांवरून आलेला गहू या धक्क्यावर उतरतो, तोलला जातो आणि ठरलेल्या वाट्यानं भट्ट्यांना मिळतो. व्यापाऱ्यानं मनाला येईल तिथे, मनाला येईल त्या भावानं विकायचा, हे इथे चालत नाही. काझीनं ठरवलेल्या भावाला ‘नर्ख’ म्हणतात. पावाची गंमत अशी, की किंमत शक्यतो हलत नाही, वजन हलतं. गहू महागला की त्याच नाण्याला पाव लहान मिळतो.

तो पहा, बाजार-निरीक्षक तराजू घेऊन आला. भट्टीवाल्याच्या कपाळावरचा घाम केवळ आगीचा नाही. वजन कमी भरलं तर तळपायावर छड्या. दुकानाच्या दाराला कान खिळ्यानं ठोकलेले पाववाले पाहिल्याचं युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवलंय. एवढी कडक शिस्त मायेपोटी नाही, भीतीपोटी आहे. इथल्या जानिसारी फौजेत पलटणीच्या सरदाराला ‘चोरबाजी’ म्हणतात, म्हणजे सूपवाला. आणि फौज बंडावर आली की ती आधी आपली सुपाची कढई पालथी घालते. राजधानीचं पोट रिकामं राहिलं तर गादी हलते, हे राजवाड्याला पाठ आहे.

भूक लागली असेल. त्या बुटक्या दाराच्या दुकानात शिरा. दगडी चुलीवर माणूस मावेल एवढं तांब्याचं पातेलं आणि त्यात बकऱ्याच्या वजडीचं सूप. उस्ता वजडी लाकडी ठोकळ्यावर बारीक चिरतो. सुरीचा आवाज एका लयीत, नजर मात्र दारातल्या गिऱ्हाइकावर. वाडगं पुढ्यात आलं की वरून लसूण घातलेला व्हिनेगर. तिखट शोधू नका. लसणाचा झणका आणि आंबटपणा यांच्या जोरावर तुमची जीभ भागेल. शेजारी बसलाय तो अनातोलियातून एकटा आलेला हमाल. खोलीत आणखी दहा जण, चूल एकही नाही. बाहेर खाणं ही इथे चैन नव्हे. घरी चूल नाही म्हणून बाजार आहे.

आता मिसर चार्शी, इजिप्तचा बाजार. इंग्रजी ‘एल’च्या आकाराची, शिशाच्या घुमटांची ही नवीकोरी इमारत सुलतानाची आई तुर्हान हिनं शेजारच्या येनी जामी मशिदीच्या खर्चासाठी उभी केली. गाळ्यांचं भाडं मशिदीला. अत्तार उंच कट्ट्यावर मांडी घालून बसलाय, मागे भिंतभर लाकडी खण. दालचिनी, सुंठ, लवंग, केशर, हिंग, मेंदी, सुरमा. हे मसाल्याचं दुकान की औषधाचं, असं विचारलंत तर त्याला प्रश्नच कळणार नाही. पोटदुखीवर, निद्रानाशावर, पुलावावर एकाच खणातून पुडी बांधली जाते.

काळी मिरी मागा आणि तिचाही मुलूख विचारा. उत्तर : हिंद. मलबारचं हे पीक सुरतेसारख्या बंदरांतून मोखा-जेद्दाकडे जातं आणि सुएझ-कैरोमार्गे इथे पोचतं, म्हणूनच तर बाजाराला इजिप्तचं नाव. पाचच वर्षांपूर्वी, 1664 च्या जानेवारीत, शिवाजीराजांनी सुरत लुटली. त्या लुटीत ज्यांच्या पेढ्या फुटल्या त्यांची गलबतं याच वाटेवर ये-जा करणारी. तेव्हा तुम्ही इथे अगदीच परके नाही. भाव मात्र त्यानं कमी होणार नाही.

आणि पायाखाली पहा. फरशी नवी आहे, कारण नऊ वर्षांपूर्वी, 1660 च्या मोठ्या आगीत, इथली ज्यूंची वस्ती जळाली. त्यांना परतून घरं बांधू दिली नाहीत. खाडीपलीकडे हास्क्योयला धाडलं, आणि मोकळ्या जागेवर मशिदीचं अडलेलं काम पुरं झालं. मिरीचा वास छातीत भरून घ्या, पण हेही सोबत असू द्या.

दुपार : तीन दुकानं

आता भरभर. ही तिन्ही दुकानं आजही चालू आहेत. तुम्ही फक्त त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत डोकावताय.

1777, बाहचेकापी. कास्तामोनूच्या डोंगरातल्या आराचचा बेकिर एफेंदी इथे मिठाई विकायला बसलाय. मध किंवा द्राक्षाची काकवी पिठात शिजवून करायची मिठाई आधीपासून होती. त्याच्या घराण्यानं साखर आणि स्टार्च धरून ती नितळ, लवचिक केली आणि ‘लोकुम’ जगभर गेलं. सुरी घातली की तुकडा आधी दबतो, मग तुटतो आणि कापलेली कड आरशासारखी चमकते. ती चमक नसेल तर घेऊ नका.

1871, तहमिस गल्ली. आजवर लोक कॉफीचं हिरवं बी विकत नेत आणि घरी भाजून उखळात कुटत. मेहमत एफेंदीनं वडिलांच्या दुकानात बी भाजून, दळून, पुडीत विकायला सुरुवात केली. इस्तंबूलच्या बायकांचे किती तास त्यानं वाचवले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

1876, वेफाची चढण. बाल्कनमधल्या प्रिझरेनहून आलेला हाजी सादिक. त्याचा बोझा म्हणजे आंबवलेल्या बाजरीवर्गीय धान्याचं दाट, आंबटगोड पेय, आपल्या आंबिलीचं थंडीत प्यायचं भावंड. वर दालचिनी. समोरच्या दुकानातून कोमट फुटाणे घेऊन त्यात टाकायचे आणि चमच्यानं खायचं. होय, खायचं, नीट जमलेला बोझा पेला तिरका केल्यावर घाई करत नाही.

संध्याकाळ : 1895

गलाता पुलाच्या तोंडाशी पांढऱ्या झग्यातले टोलवाले उभे आहेत. नाणं त्यांच्या हातावर ठेवा. ही वसुली 1930 पर्यंत चालणार आहे. पूल लाकडी फळ्यांचा, तराफ्यांवर तरंगणारा. बग्गी गेली की पावलांखाली थरथरतो. शरद ऋतू आहे. काळ्या समुद्रातून मार्माराकडे निघालेले पालामूत मासे बॉस्फरसमधून थव्यांनी चाललेत आणि पलीकडच्या बाजारात त्यांचे कल्ले उलटून, लाल पाकळ्यांसारखे बाहेर काढून मांडलेत. ताजेपणाचा एवढाच दाखला इथल्या गिऱ्हाइकाला पुरतो.

गलात्यातल्या मेयहान्यात शिरा. इथे उस्ता नाही म्हणायचं. दारूच्या गुत्त्याचा मालक बहुधा रूम, म्हणजे ग्रीक ख्रिस्ती, आणि त्याला ‘बार्बा’ म्हणतात, काका. राकी येते, पाणी घातलं की दुधाळ होते. पिण्याच्या आधी टेबलावर बशा येतात, प्रत्येकीत दोन घास. तोपिक : चण्याच्या मऊ पारीत कांदा, बेदाणे, चिलगोज्यासारख्या बिया, तीळकूट आणि दालचिनी. आर्मेनियन लोकांच्या उपासाच्या दिवसांतलं हे खाणं. अल्बेनियन पद्धतीची तळलेली कलेजी. अक्रोडाच्या वाटणातली चेर्केस कोंबडी. लाल टोमॅटोही आता ताटात दिसू लागलाय. मागवलेलं सगळं एकदम संपवू नका. इथे वेळ घालवण्यासाठी खातात.

आणि लाकेर्दा. बार्बाला विचारा कशी करतात. तो हात पुसून सांगायला बसेल. तोरिक, म्हणजे वाढलेला, चरबी धरलेला पालामूत. तोडे करायचे. मधल्या कण्यात बारीक काडी घालून मज्जा ओढून काढायची. मग मिठाच्या पाण्यात घालायचं, पाणी बदलायचं, पुन्हा बदलायचं, रक्ताचा अंशही निघून जाईपर्यंत थांबायचं नाही. एक थेंब राहिला तर सगळी बरणी काळी. नंतर जाड मिठाचे थर, मध्ये तमालपत्राच्या जातीचं पान, वर वजन. कितीतरी दिवसांनी जे निघतं ते शिजलेलं नाही आणि कच्चंही नाही. गुलाबी, लोण्यासारखी सुरी झेलणारी चकती, शेजारी लाल कांद्याची फाक. खारटपणा आधी येतो आणि मागून माशाची गोडी.

आता विचारा : बार्बा, मुलूख कुठला?

दिवसभरात पहिल्यांदा वेगळं उत्तर मिळेल. ‘इथलाच.’ उस्मानी फौज 1453 मध्ये तटबंदी फोडून आत शिरली, तेव्हाही त्याचे लोक इथेच मासे खारवत होते.

दुसरी सकाळ : 1955

7 सप्टेंबर. आता गलात्याच्या चढणीवरून इस्तिकलाल रस्त्यावर या आणि पाय जपून टाका. फुटलेल्या काचा, कापडाचे उलगडलेले ताके, उलटी पडलेली शीतकपाटं, सांडलेलं तेल. सालोनिकात अतातुर्कच्या जन्मघरी बॉम्ब फुटल्याची बातमी काल पसरली आणि रात्रभर जमावानं रूम लोकांची दुकानं, घरं, चर्चं फोडली. आर्मेनियन आणि ज्यूंनाही सोडलं नाही. ज्या बशांतून काल संध्याकाळी तुम्ही खाल्लंत, त्या जातीच्या बशांवरून तुम्ही आज चालताय.

एमिनोन्यूत पांदेलीची खानावळही फुटली. नीदे गावचा हा पोरगा शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन कोफ्ते विकायला लागला आणि हळूहळू मंत्री-संत्री त्याच्या टेबलावर येऊ लागले. आता तो म्हणतोय, पुरे झालं. त्याला थांबवण्यासाठी सरकारदरबारातून हालचाल होते आणि मिसर चार्शीच्या दरवाजावरच्या निळ्या फरशांच्या खोल्या त्याला मिळतात. जिना चढून आजही तिथे जेवता येतं. पुष्कळ प्रवासी ते वातावरण पाहून खूश होतात. ही खानावळ नाक्यावरून माडीवर कशी आली, ते मात्र मेनूत छापलेलं नसतं.

बहुतेकांना अशी माडी मिळाली नाही. 1964 मध्ये सायप्रसच्या भांडणात ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारोंना देशाबाहेर काढलं. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले, आणि त्यांच्यामागून घरची माणसंही गेली. बरोबर काय न्यायचं? 20 किलो सामान आणि 20 डॉलर. काल सकाळचा शेम्स आठवतोय? तीन वर्षं राहिलेला उपरा पाच हजार सोन्याची नाणी घेऊन खुशीनं गेला, आणि ‘इथलाच’ म्हणणाऱ्याच्या हाती वीस डॉलर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लाखाच्या घरात असलेले रूम आज दोन-तीन हजार उरलेत. लाकेर्दा मात्र प्रत्येक मेयहान्यात मिळते, आणि ‘अस्सल इस्तंबूली’ म्हणून मिळते.

दुपार : 1975

एकीकडे बशा रिकाम्या होत होत्या, दुसरीकडे हैदरपाशा स्टेशनवर लाकडी पेट्या उतरत होत्या. पन्नास साली दहा लाखांच्या आसपास असलेलं शहर आता त्याच्या कितीतरी पट झालंय. अनातोलियाच्या पूर्वेकडून, आग्नेयेकडून माणसं आली आणि येताना उर्फाची काळपट इसोत, मराशची लालभडक मिरचीपूड घेऊन आली.

अक्सरायच्या या भट्टीपुढे उभे राहा. पापडासारखी लाटलेली पोळी, वर खिमा, कांदा, टोमॅटो, मिरची यांचा पातळ लेप, लांब फळीवरून भट्टीत, मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर. पार्सली घाला, लिंबू पिळा, गुंडाळी करा. लाहमाजून. डोळ्यांत पाणी आलं? पावणेपाचशे वर्षांच्या वाटेवर तुमच्या जिभेला पहिल्यांदा घरचं भेटलं.

शेजारच्या टेबलावरचे जुने इस्तंबूलकर नाक मुरडतायत : शहराची सगळी चव गेली, जिकडे तिकडे कबाब आणि कांद्याचा वास. ऐकून घ्या. कॉफी आली तेव्हाही कुणीतरी असंच म्हणालं होतं, आणि त्याच्या हातात तर फतवाही होता.

आज

शेवटचा मुक्काम फातिह. रोमन सम्राट व्हॅलेन्सच्या चौथ्या शतकातल्या जलसेतूच्या कमानींखाली कादिनलार पाझारी. नाव बायकांच्या बाजाराचं, पण दुकानं आग्नेय अनातोलियातल्या सीर्तवाल्यांची. दारात कातड्यात भरलेलं तुलूम चीज, रानपाला घातलेलं व्हानचं चीज, पोळ्यासकट मध. आत ब्युर्यान. जमिनीतल्या खोल खड्ड्यात निखारे, त्यावर आकड्याला अख्खी कोवळी मेंढी टांगायची, तोंड बंद करून लिंपायचं आणि तासन् तास विसरायचं. टांगून ठेवलेल्या अर्ध्या धडाकडे बोट दाखवा. उस्ता कुठली बाजू, चरबी किती, एवढंच विचारतो, तोलतो, सुरीनं पोहे केल्यासारखं चिरतो आणि गरम पोळीवर पसरतो. मीठ सोडून मसाला नाही. पाहुण्यांना दाखवायला पाच तऱ्हा कराव्यात असं या पदार्थाला वाटत नाही. दुपारी जा, रात्रीपर्यंत उरेलच असं नाही.

मग पायीच थोडं पुढे, माल्टा बाजाराच्या बाजूला. 2011 नंतर सीरियातून आलेल्यांनी इथे भट्ट्या टाकल्या, वेलची घातलेली कॉफी भाजली, फलाफलची कढई चढवली. शेजाऱ्यांनी आधी नाकं मुरडली, मग रांगा लावल्या. 2019 च्या सुमाराला अरबी पाट्या उतरवून तुर्की लावायचा हुकूम आला. पाट्या बदलल्या, पीठ तेच राहिलं. 2024 च्या डिसेंबरात दमास्कसची राजवट कोसळल्यावर त्यांतले कितीतरी परतीच्या वाटेला लागले. काहींची मुलं म्हणतात, आमचा जन्म इथला, आम्ही कुठे परतायचं?

शहराच्या बाजूनं बोलायचं तर त्यानं कधीच कुणाची चव नाकारली नाही. पाच-पन्नास वर्षं कुरकुर केली आणि मग ती आपलीच म्हणून मिरवली. चव आणणाऱ्या हाताला किती दिवस ठेवायचं, याचा निर्णय मात्र त्यानं दर वेळी वेगळा केला, आणि तो कुठल्याच भटारखान्यात झाला नाही. तेव्हा उद्या कुणी तुम्हाला पुढ्यात बशी ठेवून ‘खास इस्तंबूलची’ असं सांगितलं, तर आवडीनं खा, पैसे चोख द्या, आणि ती पहिल्यांदा कुणी केली एवढं विचारून मग उठा.